पुतळाबाईची एकच मागणी

संपाचा चौथा महिना लागला आणि राजारामच्या आईने मरणाची तयारी सुरू केली.

तिला काही झालं होतं अशातला भाग नाही. पुतळाबाई सत्तरीच्या अलीकडे होती की पलीकडे हे तिला स्वतःलाच सांगता येत नसे, पण डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळीचा तिसरा मजला ती अजून कठड्याला हात न लावता चढायची. डावा गुडघा तेवढा पायरीगणिक कटकट वाजायचा. पहाटे पाण्याच्या वेळी तिच्यापुढे हंडा सरकवायची कुणाची छाती नव्हती. मरणाचा विषय तिच्या डोक्यात आला तो मुलामुळे.

राजाराम साचा खात्यात कापड विणायचा. वीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात काढल्यामुळे तो घरातही ओरडूनच बोलायचा. जानेवारीत संप सुरू झाला, तसा तो सकाळी मिलच्या गेटवर जाऊन यायचा आणि मग दिवसभर भिंतीला टेकून पेपर वाचायचा. पहिलं पान झालं की शेवटचं, ते झालं की बाजारभाव, तेही संपले की निधनवार्ता. आणि वाचायचा मोठ्याने. कोण कितव्या वर्षी गेलं, अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार, हे सगळ्या घराला रोज ऐकावं लागायचं.

एका सकाळी तांदूळ निवडता निवडता पुतळाबाई म्हणाली, "राजा, तू रिकामाच हायेस. माझ्या मातीची जागा बघून ठेव."

"कसली जागा?"

"मेल्यावरची. मला जाळायचं न्हाय, पुरायचं. आत्ताच बघून ठेवलेली बरी. उद्या मिल चालू झाली की तुला कुठला आलाय येळ?"

राजाराम हसला. त्याची बायको कांता मात्र हसली नाही. ती परळच्या एका मोठ्या इस्पितळात आया होती, आणि संपात घर तिच्याच पगारावर चाललं होतं. ड्यूटीला जाण्यापूर्वी केस बांधता बांधता ती थांबली. "आत्या, आपल्यात आता जाळतात ना?"

ते पुतळाबाईला ठाऊक होतं. माण तालुक्यातल्या तिच्या गावी पूर्वी पुरायचे. तिची सासू, तिचा नवरा दगडू, सगळे ओढ्याकाठी मातीत गेलेले. मग छप्पन साली सगळ्यांनी बौद्ध धम्म घेतला आणि हळूहळू चितेची रीत पडली. धम्माबद्दल तिची कसलीच तक्रार नव्हती. देव्हाऱ्यातले देव तिने स्वतःच्या हाताने ओढ्यात सोडले होते आणि परत मागे वळून बघितलं नव्हतं. पण विस्तवाचं तिला वावडं होतं.

"पन्नास वर्सं चुलीम्होरं भाजून निघाले," ती म्हणाली. "आता मेल्यावर तरी मला विस्तवापाशी नगा नेऊ. आन् दुसरं म्हंजे..." तिने सुपावर वाकलेली मान वर करून खोलीभर नजर फिरवली.

दहा बाय सोळाच्या त्या खोलीत नऊ माणसं राहायची. राजाराम, कांता आणि त्यांची तीन मुलं, धाकटा भाऊ शिवा, त्याची बायको, त्यांचं तान्हं बाळ आणि पुतळाबाई. पुतळाबाई दाराशी, मोरीच्या कडेला, गुडघे पोटाशी घेऊन झोपायची. पाय सोडले तर ते शिवाच्या डोक्याला लागत.

"मला एकदा एकटीला पाय लांब करून झोपायचंय," ती म्हणाली. "कुणाची लाथ नगं, कुणाचं घोरणं नगं. साडेतीन हात जागा. जास्त मागतीय का मी?"

बातमी पॅसेजभर पसरायला पेपर लागत नाही. संध्याकाळपर्यंत समोरच्या खोलीतले शामराव येऊन हजर झाले. शामराव मिलमध्ये टाइमकीपर होते आणि चाळीतल्या बुद्धविहार समितीचे सचिव होते. कुणाचं बारसं असो वा भांडण, शामरावांच्या वहीत त्याचा ठराव झाल्याशिवाय ते पुरं व्हायचं नाही.

"आक्का," ते वही मांडीवर ठेवून म्हणाले, "तथागतांना अग्नी दिला. बाबासाहेबांना अग्नी दिला. आणि आपण पुन्हा मागे जायचं?"

"बाबासायबांचं मला ठावं हाय. दादरला मी हुते. तुमी हुता का?"

शामराव तेव्हा गावी होते. त्यांनी वहीचं पान उलटलं.

"माणसांच्या पाठी तेवढ्या दिसत हुत्या," पुतळाबाई म्हणाली. "म्हागनं धूर दिसला. मी तितंच वाळूत बसले. मला काय शिकवू नगा, शामराव. त्येंची गोष्ट येगळी, माझी येगळी. त्येंच्या चितंला सारी मुंबई आली. माझ्या चितंला तुमी चार जणं येणार, आन् लाकडं ओली हायत म्हणून कुरकुरणार."

शामरावांनी त्या दिवशी ठराव लिहिला नाही.

राजारामला वाटलं, म्हातारी चार दिवसांनी विसरेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवं लुगडं नेसून चपला घालून दारात उभी राहिली. घरात बसून निधनवार्ता वाचण्यापेक्षा हे बरं, म्हणून तोही निघाला.

पहिल्यांदा गेले ते जिथे काही हिंदू जातींचे लोक पुरतात अशा एका दफनभूमीत. तिथला रखवालदार जाड वही उघडून बसला होता.

"कुठला समाज?"

"बौद्ध," राजाराम म्हणाला.

रखवालदाराने वहीवरून बोट फिरवलं. लिंगायत होते, गोसावी होते, आणखी दोन-चार होते. "बौद्ध नाही यात. आधी कोण होता?"

मिलच्या गेटवर पोलिसांसमोर घोषणा देताना राजारामचा आवाज कधी अडला नव्हता, इथे मात्र एक शब्द फुटेना. बोलली ती पुतळाबाई.

"आदी बी माणूसच हुतो," ती म्हणाली. "चल, राजा. हितली माती चांगली न्हाय. निसते दगड हायत."

मग एक दिवस बसने शिवडीच्या बाजूला ख्रिस्ती लोकांच्या कबरस्तानात गेले. तिथे मोठमोठी झाडं होती, गार सावली होती, आणि ढोपरापर्यंतची खाकी चड्डी घातलेला एक म्हातारा माळी पाणी घालत होता. पुतळाबाईला जागा बघताक्षणी पसंत पडली. एका झाडाखाली बसून तिने पाय सरळ लांब केले आणि डोळे मिटले.

"आये, ऊठ. आपण ख्रिश्चन नाही."

"बघाय काय जातंय?"

माळ्याला गंमत वाटली. तो नळी बंद करून जवळ आला. त्याने समजावून सांगितलं की इथे त्यांच्याच माणसांना जागा पुरत नाही. काही वर्षं झाली की खड्डा उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या खणात ठेवतात, आणि त्या जागी नवा माणूस येतो.

पुतळाबाईने डोळे उघडले. "म्हंजे माझ्या जाग्यात पोटभाडेकरू?"

"तसंच समजा."

"आन् खण केवढा?"

माळ्याने दोन्ही हात धरून दाखवलं. घासलेटच्या डब्याएवढा.

"एवढ्या जाग्यात तर मी आत्ता बी ऱ्हाते," पुतळाबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

गावी ओढ्याकाठी नवऱ्याशेजारी जागा मिळेल का, म्हणून राजारामने चुलतभाऊ कुशाबाला पत्र घातलं. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. ओढ्याकाठची जागा दुष्काळाच्या साली पाझर तलावात गेली, आता तिथे पुरुषभर पाणी असतं, असं कुशाबाने लिहिलं होतं. खाली पुन्हा दोन ओळी होत्या: 'तरी चुलतीला यायचे असल्यास आगाऊ दोन दिवस कळवावे. म्हणजे दुसरी सोय बघता येईल.'

"मेल्यावर दोन दिवस आधी कसं कळवायचं?" राजाराम म्हणाला.

"त्याला काय कळतंय. ल्हानपणापासनं तसाच हाय," पुतळाबाई म्हणाली.

विजेवरची दाहिनीही बघून झाली. तिथल्या माणसाने कौतुकाने सगळं दाखवलं. लाकूड नाही, धूर नाही, तासाभराच्या आत काम. पुतळाबाईने त्याला एकच प्रश्न विचारला, आत विस्तव किती? त्याने आकडा सांगितला. "अगं बया, एवढा तर लग्नातल्या भट्टीला बी नसतो!" असं म्हणून ती जी बाहेर पडली ती बसस्टॉपवर जाऊनच थांबली.

या सगळ्या फेऱ्यांत तीन महिने गेले. जागा मिळाली नाही, पण राजारामला एक सवय लागली. आईच्या आधी तो उठून तयार होऊ लागला. वीस वर्षं पाळ्यांमध्ये गेली होती. तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली, ती उठायची तेव्हा तो झोपलेला. आता बसस्टॉपवर चणे खात बसल्यावर ती काहीबाही सांगायची. मुंबईत आल्यावर पहिल्या वर्षी तिने शीवच्या बाजूला रस्त्याची खडी फोडली होती, हे त्याला माहीत नव्हतं. तो पोटात असताना तिला रोज सुकट खावीशी वाटायची, आणि एका कोळणीने ओळखपाळख नसताना तिला महिनाभर पदरात घालून सुकट दिली होती, हेही नव्हतं.

"मग तू तिला काय दिलंस?"

"काय देणार? तुझं नाव तिच्या नवऱ्याचं ठेवलं."

राजाराम बराच वेळ चणे खायला विसरला.

शेवटी मार्ग काढला तो कांताने. एका रविवारी भात वाढता वाढता ती म्हणाली, "आमच्याकडे घेतात, आत्या. आमच्या कॉलेजात."

"काय घेत्यात?"

"माणसं. मेलेली. डॉक्टरकीची पोरं त्यावर शिकतात."

जेवायला बसलेल्या बाकी सगळ्यांचे हात ताटात थांबले. पुतळाबाईचा मात्र चालूच होता. "कापत्यात?"

"हो."

"मग शेवटाला जाळत्यात?"

कांताला खोटं बोलता येत नसे. "जाळतात बहुतेक. पण वर्ष-दोन वर्षांनी."

पुतळाबाईने घास चावता चावता विचार केला. "तवर माझं काय ऱ्हायलेलं नसंल. जाळू देत मग. आन् तोवर? कशावर निजवत्यात?"

"टेबलावर. प्रत्येकाला वेगळं टेबल."

"एकाला एक?"

"एकाला एक."

दुसऱ्याच दिवशी पुतळाबाई कॉलेजच्या ऑफिसात हजर झाली, आणि तिच्यामागे नाइलाजाने राजाराम. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला. पुतळाबाईने राजारामला तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायला लावला. नाव, वय, पत्ता, जवळचे नातेवाईक, साक्षीदार.

"आन् जात?"

"विचारलेली नाही."

"नीट बघ. म्हागं असंल."

राजारामने कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

पुतळाबाईने ती कोरी बाजू बोटाने चाचपली. मग खिडकीतून वाकून म्हणाली, "बाई, हितं शिकवणारं कोण हाय? मला बोलायचंय."

नशिबाने तिथूनच एक डॉक्टरीणबाई चालल्या होत्या. त्या थांबल्या. एका टेबलाभोवती आठ-दहा मुलं असतात, त्यात मुलीही असतात, पुस्तकात चित्रं कितीही असली तरी हात लावून बघितल्याशिवाय डॉक्टर होता येत नाही, हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. पुतळाबाईने ऐकून घेतलं आणि लुगडं जरा वर करून डावा गुडघा पुढे केला.

"ह्यो पयला बघा म्हणावं पोरांस्नी. धा वर्सं वाजतोय. तीन डाक्टर झाले, सगळे निसत्या गोळ्या देत्यात. आत काय हाय ते एकदा कळू द्या तरी."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. वाकून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "सांगेन."

झालं. म्हातारीचं ठरलं. अडलं फक्त एका ठिकाणी. फॉर्मवर जवळच्या वारसाची सही हवी होती आणि जवळचा वारस सही करीना. "बघू, विचार करू," असं म्हणून राजारामने फॉर्मची घडी घालून खिशात टाकली. आठवडा गेला, दुसरा गेला. पुतळाबाईने विचारलं की तो "बघू" म्हणायचा आणि खाली निघून जायचा.

मग एका सोमवारी पहाटे पाणी आलं आणि हंडे कोरडेच राहिले. राजाराम उठून बघतो तर आई पॅसेजमध्ये, दाराच्या बाहेर, गोणपाटावर मांडी घालून बसलेली.

"आये, पाणी जातंय."

"जाऊ दे. आजपास्नं माझा संप हाय."

"कसला संप?"

"एकच मागणी हाय. सही."

आणि तिने खरोखरच हात आवरले. पाणी भरणं बंद, तांदूळ निवडणं बंद, स्टोव्हला पंप मारणं बंद, शिवाच्या बाळाला अंघोळ घालणं बंद, घासलेटच्या लायनीत उभं राहणं बंद. जेवायची मात्र. "उपोषण करून मेले तर सहीबिगरच मरन. मी काय येडी हाय का?" असं तिने चौकशीला आलेल्या बायकांना सांगितलं.

कांता ड्यूटीला जायची, शिवाची बायको बाळात गुंतलेली, शिवा फळांची हातगाडी लावायला लागला होता. म्हणजे सगळी कामं आली राजारामवर. पहिल्या पहाटे नळावर बायकांनी त्याला इतकं मागे सरकवलं की त्याची पाळी आली तेव्हा नळाने फक्त फुसफुस केली. भात खालून करपला आणि वरून कच्चा राहिला. घासलेटच्या लायनीत तीन तास उभं राहून तो खिडकीशी पोचला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की डबा आणला, कार्ड घरी राहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याने बोलणी सुरू केली.

"आये, हे बरोबर नाही. आधी कामावर ये, मग आपण शांतपणे चर्चा करू."

पुतळाबाई पॅसेजमधल्या बायकांकडे वळली. "ऐकलं? मालक बी ह्येच म्हणतोय. आधी कामावर या, मग बघू."

बायका खो-खो हसल्या. राजारामच्या अंगाला घाम फुटला, कारण परवाच्याच गेटसभेत त्याने स्वतः उभं राहून या वाक्याचा समाचार घेतला होता आणि टाळ्या मिळवल्या होत्या.

त्याने खात्यातल्या मित्रांना बोलावलं. चौघे आले, पुतळाबाईसमोर उकिडवे बसले, तिचा चहा प्याले (तो शेजारणीने दिलेला होता) आणि राजारामला बाजूला घेऊन म्हणाले, "सॉरी यार. आपण कामगार माणसं. संप फोडायला सांगू नको."

"अरे, ती माझी आई आहे!"

"म्हणून काय झालं? टाळेबंदी कर पाहिजे तर."

"ती बाहेरच बसलीय. टाळं लावून कुणाला आत ठेवू?"

सहाव्या दिवशी शामराव मध्यस्थीला आले. या वेळी वहीत ठराव लिहूनच आणला होता. आक्कांचे डोळे दान करावेत, उरलेल्या देहाला धम्माच्या रीतीने अग्नी द्यावा. दोन्ही पक्षांचा मान राहतो.

"निसतं डोळं?" पुतळाबाई म्हणाली. "ही तर निसती अंतरिम वाढ झाली. मागणी पुरी सहीची हाय. टाका त्येच्यावर काट मारून."

शामरावांनी काट मारली. चाळीत आल्यापासून त्यांच्या वहीतला ठराव पहिल्यांदाच नामंजूर झाला होता. घरी जाऊन ते जेवले नाहीत असं त्यांच्या बायकोने सांगितलं.

नवव्या दिवशी दुपारी पॅसेज रिकामा होता. राजाराम एक करपलेली भाकरी ताटात घेऊन बाहेर आला, आईपुढे ठेवली आणि तिच्या शेजारी जमिनीवर बसला.

"तुला माहिताय लोक काय बोलतील?" तो म्हणाला. या वेळी ओरडून नाही. "बोलतील, संपात राजारामकडे लाकडाला पैसे नव्हते, म्हणून आईला इस्पितळात टाकून आला."

"मी आत्ता कुठं मरतीय? संप काय जन्मभर चालणाराय?"

ऑगस्ट संपत आला होता. गेटवरची गर्दी पातळ होऊ लागली होती. रोज एखादा ओळखीचा चेहरा कमी दिसायचा.

"आणि तुला तिथं ठेवून घरी यायचं," तो म्हणाला. "मग पुढं? तुला बघावंसं वाटलं तर मी कुठं जाऊ?"

पुतळाबाईने भाकरीचा करपलेला काठ मोडून बाजूला काढला. "तुझ्या बापाला वड्याला पुरला. किती येळा गेलास बघाय?"

राजारामने आठवून बघितलं. "एकदाही नाही."

"मग?"

तो पायाच्या अंगठ्याने फरशी घासत राहिला.

"राजा, तुमी लोक आठ म्हयनं बाहेर बसलायसा," ती म्हणाली. "पगारवाढीचं हाय, मला ठावं हाय. पर तू घरी येऊन काय म्हणत हुतास? म्हणत हुतास, ते आमचं ऐकूनच घेत न्हाईत. भेटत बी न्हाईत. मला बी तेवढंच हाय बघ. जन्मात कुणी मला इचारलं न्हाय, बाई तुला काय पायजे. लगीन झालं, मुंबईला आले, रांडाव झाले, कुणी इचारलं न्हाय. ह्ये एक मी माझं ठरिवलंय."

ती भाकरी खात राहिली. राजाराम उठून आत गेला. खुंटीवरच्या सदऱ्यातून घामाने मऊ झालेला फॉर्म काढला, पोरीच्या दप्तरातलं पेन घेतलं आणि बाहेर येऊन, आईच्या समोर, जमिनीवरच कागद टेकून सही केली. साक्षीदारांच्या जागी बघतो तर कांताची सही आधीच होती. त्याच्या खिशातून कागद काढून तिने ती कधी केली आणि परत घडी घालून कधी ठेवली, हे तिने त्याला पुढे कधीही सांगितलं नाही. दुसरी साक्ष शामरावांनी केली. केली म्हणजे, आधी चष्मा शोधण्यात अर्धा तास घालवला आणि मग केली.

पुतळाबाईने शाईचा अंगठा उठवला, गोणपाट झटकला आणि हंडा उचलला. त्या वर्षी गिरणगावात सगळ्या मागण्या मान्य होऊन मिटलेला संप हा एकच.

दुसरा मिटलाच नाही. राजारामची मिल पुढे अर्ध्या माणसांनिशी चालू झाली आणि त्या अर्ध्यांत तो नव्हता. दोन वर्षं त्याने मिळेल ते काम केलं. मग करी रोडला औषधांच्या एका गोदामात वॉचमन म्हणून लागला. तिथे सगळं शांत असे. हळूहळू त्याचा आवाज खाली आला, आणि घरच्यांना त्याचीही सवय व्हायला वेळ लागला.

पुतळाबाई त्यानंतर नऊ वर्षं जगली. एका बुधवारी सकाळी तांदूळ निवडून झाल्यावर तिने भिंतीला डोकं टेकलं आणि साडेदहाच्या सुमारास ती गेली.

मग एकच धावपळ उडाली. फॉर्मवर लिहिलं होतं, देह लवकरात लवकर पोचवावा. राजाराम डॉक्टरचा दाखला आणायला पळाला. तेवढ्यात चाळीतल्या पोरांनी हाताला लागलेल्या सवयीने खाली बांबू, काथ्या आणि मडकं आणून टाकलं. शामराव आता खूप थकले होते, पण काठी टेकत जिन्यापर्यंत आले आणि तिथूनच त्यांनी आपल्या जुन्या आवाजात सांगितलं, "बांबू परत घेऊन जा! समितीचा निर्णय झालेला आहे." कुठला निर्णय, कधी झाला, हे कुणी विचारलं नाही. पॅसेजमध्ये त्यांनीच त्रिशरण-पंचशील म्हटलं. मागून सगळ्या मजल्याने म्हटलं. कांताने सासूला धुतलेलं पांढरं लुगडं नेसवलं आणि इस्पितळाच्या गाडीत ती तिच्याजवळ बसली.

अंत्ययात्रा निघाली ती मिळेल त्या बसने आणि टॅक्सीने. कॉलेजच्या दारात चाळीस माणसं जमली. दोन माणसं ट्रॉली घेऊन आली, राजारामने कागद दिले, एका बाईंनी त्याच्याकडून दोन सह्या घेतल्या. त्याने आईच्या पायांना हात लावला. पाय सरळ, लांब केलेले होते. मग दार ढकललं गेलं, ट्रॉली आत गेली आणि दार परत मिटलं.

सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

चाळीस माणसं परळच्या फुटपाथवर उभी राहिली. कुणाला काय करावं ते कळेना. स्मशानात कसं, लाकडं रचायची असतात, फेऱ्या असतात, मग दूर बसून तास-दोन तास राख होईपर्यंत थांबायचं असतं. इथे काहीच उरलं नव्हतं. सगळ्यांनी दिवसाची सुट्टी टाकलेली. लगेच घरी जावं तर बरं दिसत नाही, थांबावं तर कशासाठी? कुणीतरी घड्याळ बघितलं आणि ओशाळून हात खाली घेतला.

"चहा घेऊ," शामराव म्हणाले.

समोरच्या इराण्याच्या हॉटेलात चाळीस माणसं एकदम घुसली. पांढरे सदरे, पांढरी लुगडी बघून गल्ल्यावरचा म्हातारा इराणी उभाच राहिला. "लगीन है क्या?" त्याने विचारलं. मग शिवाला हसू फुटलं, ते त्याने दाबलं, पण शेजारच्या बाईला फुटलं, आणि मग एकेकाने सुरुवात केली. पाण्याच्या लायनीत तिने कुणाचा हंडा जिन्यावरून खाली सोडला होता. कुणाच्या दारुड्या नवऱ्याला तिने पॅसेजमध्ये उलथणं घेऊन रात्रभर उभं केलं होतं. राजारामच्या मित्राने टाळेबंदीची गोष्ट सांगितली तेव्हा तर टेबलं हलली. राजाराम हसत होता आणि डोळे पुसत होता, आणि कांता त्याच्या पुढ्यात ब्रुन मस्का सरकवत होती, कारण सकाळपासून त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं.

शामराव त्याच्या समोर बसले होते. बशीत चहा ओतून ते फुंकर मारत होते, पण पीत नव्हते.

"राजाराम," ते हळू आवाजात म्हणाले, "ते फॉर्मचं ऑफिस किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

राजारामने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "पाचपर्यंत."

"म्हणजे वेळ आहे." शामरावांनी बशी तोंडाला लावून एका दमात रिकामी केली आणि पोऱ्याला हाक मारून आणखी एक कटिंग सांगितला.